सोंग उतरवायचं पाणी

आमच्या घराकडं राक्षसाचं सोंग होतं. पाड्यात कुणाकडं गणपती, कुणाकडं मारुती, कुणाकडं सारजा म्हणजे सरस्वती, आणि आमच्या वाट्याला राक्षस. लोक हसायचे. हसोत बापडे. राक्षस नसेल तर देवीनं मारायचं कुणाला, पाटलाला? राक्षसाशिवाय बोहाडा होत नाही, आणि आमच्या घराशिवाय राक्षस होत नव्हता.

आमचा पाडा जव्हारच्या राजाच्या हद्दीत शेवटचा. खाली ओढा. ओढा ओलांडला की मोखाड्याकडचा मुलूख, तिथं इंग्रजाचं राज्य. होळी सरली, रान वाळलं, की आमच्याकडं बोहाडा लागायचा. सांबळ आणि पिपाणीवर रात्रभर एकेक देव तोंडावर चढवून माणसं नाचत यायची. सगळ्यात शेवटी, उजाडता उजाडता, देवी आणि राक्षस.

ते सोंग पणजानं सावरीच्या लाकडातून कोरलेलं. तोंड तांबडं, दात चुन्याचे, शिंगं खऱ्या रेड्याची. वर्षभर ते मधल्या खांबाला टोपलीखाली टांगलेलं असायचं, तोंड खांबाकडं करून. मी त्या खांबाच्या बाजूला कधी निजले नाही. टोपलीच्या विणीतून ते बघतं, असं मला वाटायचं.

राक्षसाचे नियम बाकीच्या सोंगांहून कडक. तो निघाला की त्याच्या कंबरेला दोर बांधायचा. दोराचं एक टोक त्याच्या घरच्या माणसाच्या हातात, दुसरं त्याच्या बायकोच्या माहेरच्या माणसाच्या. का, तर सोंगात वारं शिरतं, मग माणूस आवरत नाही. सोंग तोंडावर असेपर्यंत बोलायचं नाही. देवीनं भाला टेकवला की मातीत पडायचं. आणि पडलं की पडूनच राहायचं, त्याची बायको तांब्या घेऊन येईपर्यंत. तिनं सोंगावर पाणी ओतायचं आणि म्हणायचं, "ऊठ, घरी चल." तेव्हा वारं उतरतं. मग उठायचं, मग सोंग काढायचं. पाण्याआधी उठला, तर वारं अंगात राहिलं. तसला माणूस पाड्यात ठेवत नाहीत.

माझा बा, लाडक्या, ते सोंग घ्यायचा. चांगला घ्यायचा, हे खोटं कशाला सांगू.

पण ज्या साली तो पहिल्यांदा मुंबईला गेला, त्या साली पाणी चुकलं. आय, म्हणजे भागी, त्या सकाळी निजून होती. तिला उठवत नव्हतं. म्हणून बाच्या आईनं, काळी डोकरीनं, पाणी ओतलं. सोंग निघालं, आणि त्याच पावली बा गावातल्या गड्यांबरोबर खोडाळ्याच्या वाटेनं कसाऱ्याला, आगगाडीकडं गेला. पावसाळ्यात परत आला तो कंबरेला पितळी बक्कलाचा पट्टा लावून. गोदीत मुकादमानं दिला म्हणाला. त्या पट्ट्यानं त्यानं आयला चुलीपुढं मारलं. का, तर भाकरी गार होती.

कूड कारवीचा, आवाज बाहेर जायला वेळ लागत नाही. सगळा पाडा दाराशी आला. सोम्या भगत आत आला, बाच्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाला, "सोंग उतरलं नाही याचं."

झालं. त्या दिवसापासून सगळ्यांना कळलं म्हणे. बा मारत नव्हता, राक्षस मारत होता. बायकोच्या हातचं पाणी लागतं, ते मिळालं नाही. म्हणजे चूक कुणाची? माझ्या आयची. वा रे न्याय! मार खाणारीनंच माराचं खापर डोक्यावर घ्यायचं.

"पुढल्या बोहाड्याला नीट पाणी ओत," भगतानं आयला सांगितलं. "तोवर सोस."

आयनं सोसलं. मी पण तेच धरून बसले. मी लहान, माझ्या अकलेला शिंगं खरीच वाटायची. बा जेवायला बसला की मी त्याच्या कानशिलाकडं बघायची, कातडीखाली लाकडाची कड दिसते का म्हणून.

भात झोडून झाला तसा तो आम्हा दोघींना मुंबईला घेऊन गेला. मुंबई म्हणजे काय ते मला विचारा. लोक समुद्र सांगतात, दिवे सांगतात. मी बघितली ती एक खोली. भायखळ्याच्या मागं चाळ, चाळीत खोली, खोलीला खिडकी नाही. बा कामाला जाताना बाहेरून कडी घालायचा. दिवस म्हणजे दाराखालची उजेडाची पट्टी. त्या पट्टीत पाय यायचे आणि जायचे. किती माणसांचे पाय! पण दारापाशी थांबणारे पाय एकाचेच.

मी ते पाय वाचायला शिकले. शाळेत अक्षरं मागनं आली, आधी पाय आले. टाच आपटत आला तर नुसता दमलेला. सावकाश आला तर प्यालेला. आणि दारापुढं उभा राहून पायाचा अंगठा आत वळवून जमिनीत रुतवला, की मी आयला म्हणायची, "आय, पाय." ती मला धान्याच्या डब्यामागं ढकलायची आणि पदर कमरेला खोचायची.

भिंती विटांच्या. शेजारी एक घाटावरची बाई राहायची. बाचा पट्टा चालू झाला की ती उखळात मुसळ जोरानं आपटायला लागायची. पोरांच्या कानावर पडू नये म्हणून असेल. देव जाणे. धप, धप, धप. दुसऱ्या दिवशी नळावर आयच्या तोंडाकडं बघायची नाही. एकदाच म्हणाली, "बाई, तुझा मालक रोज कशापायी गं?"

आय म्हणाली, "सोंग उतरायचं राहिलंय."

ती बाई कळशी उचलून गेली. बरोबरच आहे. तिला काय कळणार होतं? आमच्या पाड्यात ते बोलणं शहाणपणाचं होतं. मुंबईत ते वेडीचं बोलणं झालं. मग आय कुणाशीच बोलली नाही. पाड्यात निदान लोक दाराशी तरी यायचे.

होळी जवळ आली तसं बानं गाठोडं बांधलं. सोंग त्याचं, मान त्याचा, तो कसा सोडेल? कसाऱ्याला उतरून चालताना वाटेत तो खुशीत होता. मला खांद्यावर घेतलं. त्या खांद्यावर मी लाकडासारखी बसले होते, हात कुठं धरावा ते कळेना. तो बोलता बोलता म्हणाला, "एवढा बोहाडा झाला की शेत कुणाला तरी देऊन टाकतो. मग कायमची मुंबई. परत यायची कटकट नाही."

आय मागं चालत होती. तिची पावलं थांबली, मग पुन्हा चालू लागली.

त्या संध्याकाळी ओढ्यावर तिनं माझे पाय घासले आणि म्हणाली, "नवशे, मी त्या खोलीत परत गेले तर जिती निघायची नाही. तू मोठी हो, काय वाट्टेल ते हो, पण हे ध्यानात ठेव."

"पण आय, तू यंदा पाणी ओतशील ना? मग उतरंल."

तिनं माझे पाय पदरानं कोरडे केले. हो म्हणाली नाही.

बोहाड्याच्या आदल्या दिवशी काळी डोकरी जात्यावर बसली होती. नाचणी दळत होती आणि तोंडही दळत होतं.

"यंदा मन लावून पाणी ओत गं. धार तुटू देऊ नको. गेल्या साली तुझ्यापायी माझ्या लेकाच्या अंगात राहिलं ते."

"माझ्यापायी, आत्या?"

"मग कुणापायी? पडून होतीस तू राणीसारखी."

आयनं सुपातली नाचणी जात्यात सोडली. "राणीसारखी," ती म्हणाली. "का पडले होते, तुमाला ठाव नाय?"

डोकरीनं जातं एवढ्या जोरानं फिरवलं की पुढचं काही ऐकू आलं नाही. घाटावरच्या बाईचं मुसळ मला आठवलं. मी लहान होते, पण एवढं कळलं की आवाज कशासाठी वाढवतात.

संध्याकाळी माझा माघ्या मामा साखरशेतहून आला. माहेरचं टोक धरायचा मान त्याचा. मामा बारीक, काटकीसारखा, तोंडानं मात्र भारी.

"काय दाजी, मुंबईचं पाणी मानवलं म्हणायचं! तुमाला ओढायला आता बैलजोडी लागंल. मी एकटा काय करू?"

बा हसला. मामा आयकडं वळला, तिनं चुलीकडं तोंड फिरवलं. तिच्या मानेवर बक्कलाचा चौकोन उमटलेला होता. मामाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. तो त्या रात्री जेवला नाही. पोट बिघडलं म्हणाला.

रात्रीचं मला सांगता यायचं नाही, मी झोपले होते. आयनं हलवून उठवलं तेव्हा डोंगरामागं फटफटत होतं. टेंभे विझत आले होते. सांबळ मात्र जागा होता, आणि राक्षस मैदानात उतरला होता.

तो तांबडा तोंडवळा, ती शिंगं, कंबरेला दोर. एका टोकाला मामा. दुसऱ्या टोकाला सोम्या भगत, कारण आमच्या घरात दुसरा पुरुष नव्हता. राक्षस लाकडी तलवार फिरवत गर्दीवर धावून जायचा, दोर ताणायचा, पोरं किंचाळत पळायची, पुन्हा यायची. "राक्षसा राक्षसा, शेपूट कुठं विकलंस?" असं चिडवायची. तेवढ्यात शेजारच्या चिमीचं रांगतं पोर आईच्या मांडीवरून सुटलं आणि थेट त्याच्या पुढ्यात गेलं. तलवार वरून खाली येत होती. लोक "आगं आगं" करून ओरडले.

तलवार पोराच्या कानापाशी थांबली. बोटभर अंतर. राक्षसानं पाय उचलला, पोराला ओलांडून पलीकडं टेकवला आणि पुन्हा नाचायला लागला.

"वा रे गडी!" कुणीतरी म्हणालं. "हात कसा आवरला बघा!"

मी आयकडं बघितलं. ती तांब्या उराशी धरून उभी होती. तिचे डोळे त्या तलवारीवरून हलत नव्हते. जसं काही हरवलेलं भांडं तिला दुसऱ्याच्या घरात दिसलं होतं.

मग देवी आली. भाला टेकला. राक्षस मातीत पडला, सांबळ थांबला. आय पुढं गेली. तांब्या पुढं केला, आणि तसाच धरून राहिली.

"ओत ना गं," डोकरी म्हणाली. "उजाडलं. बघत काय राहिलीस?"

"थांबा आत्या. विचारायचंय."

"सोंगाला कुणी विचारतं?"

"सोंगाला नाय. आत जो हाय त्याला."

सोम्या भगत म्हणाला, "भागी, अपशकून करू नको. पाणी ओत, सगळं ठीक होईल."

"काय ठीक होईल, बाबा? तुमी सांगितलंत ह्याच्यात वारं हाय. हात आवरत नाय. आता सगळ्या पाड्यानं बघितलं. पोराच्या कानापाशी तलवार थांबली. सोंग तोंडावर असताना थांबली. मग चुलीपुढं हात का नाय थांबला? मुंबईत का नाय?"

राक्षस मातीत पडलेला, त्याचं चुन्याचं हसू आभाळाकडं.

"गेल्या साली माझ्या हातचं पाणी चुकलं, म्हणून सोंग राहिलं," आय म्हणाली. शब्द एकही गिळला नाही. "का चुकलं? मी निजून का होते? आत्या, तुमी होतात ना घरात. सांगा लोकांना."

डोकरीनं पदर तोंडावर घेतला.

"ती नाय सांगायची. मी सांगते. माझ्या पोटात पोर होतं, ते लाथेनं गेलं. बोहाड्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा तुमचं सोंग टोपलीखाली होतं."

चिमीनं पोराला पोटाशी घट्ट धरलं.

"मी आणि नवशी मुंबईला जाणार नाय," आय म्हणाली. "इथं राहू, नाचणी लावू, आत्याला सांभाळू. हे कबूल असंल तर जमिनीला हात लाव. बोलायचं नाय, ठाव हाय मला. नुसता हात लाव. मग मी पाणी ओतते, धार न तोडता."

सगळे त्याच्या हाताकडं बघत होते. उजवा हात मातीत होता, बोटं हलत होती. लोकांना वाटलं, लावतोय. भगत तर हसायला लागला, सुटलो म्हणून. त्याच्या हातातलं टोक ढिलं झालं आणि मातीत पडलं.

मी हाताकडं बघत नव्हते. मी खाली, दुसरीकडं बघत होते. मला सवय होती. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा आत वळला आणि जमिनीत रुतला.

"आय! पाय!" मी ओरडले.

ती मागं सरली, आणि तो उठला. पाण्याआधी उठला. सोंग दोन्ही हातांनी उपटून फेकलं. आणि आत काय होतं? काही नाही. शिंगं नाहीत, दात नाहीत, कातडीखाली लाकूड नाही. माझ्या बाचं तोंड, रोजचं, घामानं भिजलेलं. एवढी भीती मला त्या सोंगाची कधी वाटली नव्हती. सोंगाला उतरवता तरी आलं असतं.

तो आयवर धावला. मामानं दोर ओढला, पण मामा तो काय, बा त्याला फरफटत घेऊन निघाला. मामाचे गुडघे सोलवटले. "भगत! टोक धर! टोक धर!" मामा ओरडत होता, आणि भगत आपल्या रिकाम्या हातांकडं बघत उभा. बाकीचे? बाकीचे मागं सरले. वारं अंगात घेऊन उठलेल्याला शिवायचं कुणी? मुंबईत विटांची भिंत होती. इथं माणसांची झाली.

आय तांब्यासकट मातीत पडली. त्याचा हात वर गेला.

आणि दोर ताणला गेला.

काळी डोकरी दोराच्या दुसऱ्या टोकावर बसली होती. नुसतं धरलं नव्हतं. हाताला दोन वेढे घेतलेले, टाचा मातीत रुतवलेल्या, आणि नाचणीची पोती उचलून घट्ट झालेलं अंग सगळं मागं टाकलेलं. आमच्या घरचं टोक होतं ते. घरच्याच माणसानं धरलं.

"आये, सोड!" बा ओरडला.

"नाय सोडायची."

"मी तुझा लेक आहे!"

"म्हणून तर धरलंय," डोकरी म्हणाली. तिचे हात रक्तबंबाळ झाले होते. "तुला कधीच धरायला पायजे होतं."

मग बाकीच्यांना जोर आला. लोकांना जोर असाच येतो, कुणीतरी म्हातारं आधी मातीत बसल्यावर. चार गडी दोराला लागले आणि त्याला ओढ्याच्या कडेपर्यंत नेलं. तिथं दोर कापला. पाण्याआधी उठलेला माणूस, त्याला पाड्यात पाय ठेवायचा नाही. नियम त्यांचाच होता, त्यांना पाळावा लागला. नाहीतर एका बाईच्या मारापायी त्यांनी गड्याला घालवला असता, असं मला नाही वाटत. मी कुणाला फुकटचं पुण्य देत नाही.

तो पलीकडं गेला. मोखाड्याच्या बाजूला उभा राहून बराच वेळ आमच्याकडं बघत राहिला.

आय उठली. तांब्यात तळाला थोडं पाणी उरलं होतं. सोंग मैदानात उताणं पडलं होतं, एक शिंग मोडलेलं. ती त्याच्याजवळ बसली, उरलेली धार त्याच्यावर सोडली आणि म्हणाली, "ऊठ. घरी चल." आणि सोंग कडेवर घेऊन घरी आली, लेकरासारखं. डोकरी तिच्या मागनं चालत होती, हात पदरात गुंडाळून. घरी गेल्यावर आयनं तिच्या हाताला हळद लावली.

भीती काही त्याच्याबरोबर ओढा ओलांडून गेली नाही. दर बोहाड्याला मला पलीकडच्या करवंदीच्या जाळीत कुणीतरी उभं दिसायचं. कधी खोड असायचं, कधी गुरं. एकदा खरंच माणूस होता. त्याचे पाय मला जाळीमुळं दिसले नाहीत, आणि ती रात्र मी दाराला जातं लावून काढली.

आता ते सोंग माझा धाकटा लेक घेतो. मोडकं शिंग तसंच आहे, मी बदलू दिलं नाही. तो मातीत पडला की त्याची बायको तांब्या घेऊन पुढं येते, आणि आमच्या घरची रीत म्हणून पाणी ओतण्याआधी विचारते, "काय राहिलंय का रे मनात?" काही नाही म्हणून तो जमिनीला हात लावतो. लोक म्हणतात, ही जुनी रीत आहे, पणजापासूनची. म्हणोत.

सगळे हाताकडं बघतात. दोराचं घरचं टोक धरून मी बसलेली असते, माझ्या हाताला दोन वेढे, आणि मी पायाकडं बघते.